गोष्ट खोटी, रडू खरं: फिक्शन लिहिणाऱ्यांचे आणि वाचणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा पुण्यात वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा छोटा गट आहे. कुणाच्या तरी घरी जमतो, एखादी कथा वाचतो, आणि मग ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत मेसेज चालू राहतात. त्यात काही प्रश्न फिरून फिरून येतात, नवीन माणूस आला की तोही तेच विचारतो. म्हणून ते इथे एकत्र केलेत, आधी सोपे आणि मग अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. गोष्ट खोटी आहे हे शंभर टक्के माहीत असतं, तरी वाचताना डोळ्यांत पाणी येतं. हे नॉर्मल आहे का?

एकदम नॉर्मल आहे, पण प्रश्न दिसतो तितका साधा नाही. असं बघा, रात्री फोनवर फॉरवर्ड येतो की अमुक हॉस्पिटलमध्ये लहान मुलाला ताबडतोब रक्त हवंय, तुमचा जीव कासावीस होतो, चार जणांना फोन करता आणि मग कळतं की मेसेज खोटा आहे, असं मूलच नाही. त्या क्षणी काळजी संपते, उलट रागच येतो. मग कादंबरीच्या कव्हरवरच 'कादंबरी' छापलेलं असताना पान दोनशेवर आपण का रडतो?

कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये 'अ‍ॅना कॅरेनिना'चं उदाहरण घेऊन हा पेच मांडला. तीन गोष्टी आहेत. माणूस खरंच आहे असं वाटलं तरच त्याच्याबद्दल कळवळा येतो. पात्रं खरी नाहीत हे आपल्याला माहीत असतं. आणि तरी पात्रांबद्दल कळवळा येतो. एकेक सुटी घेतली तर तिन्ही बरोबर वाटतात, एकत्र ठेवली की बसत नाहीत. रॅडफर्डचं म्हणणं असं की आपलं रडणं स्वाभाविक आहे, पण त्यात सुसंगती नाही.

मला हे पटत नाही. या तिघांतली पहिलीच गोष्ट कच्ची आहे. मुलगी क्लासवरून यायला अर्धा तास उशीर झाला की आईच्या मनात काय काय येऊन जातं, त्यातलं काही घडलेलं नसतं आणि घडलंय असं ती मानतही नाही, तरी हातपाय गार पडतात ना? नुसता विचार डोळ्यांसमोर नीट उभा राहिला तरी भावना जागी होते, त्यावर विश्वास असावाच लागतो असं नाही. फॉरवर्डमध्ये आपली फसवणूक झालेली असते म्हणून राग येतो. कादंबरी आपल्याला फसवत नाही, ती पहिल्या पानापासून सांगून सवरून खोटी असते.

२. मग ती भावना खरी असते का, का तीसुद्धा खोटीच?

केंडल वॉल्टन यांनी १९७८ मध्ये यावर एक गाजलेला लेख लिहिला. सिनेमात एक भयानक हिरवा चिकट गोळा पडद्यावरून चार्ल्स नावाच्या प्रेक्षकाच्या अंगावर येतो, चार्ल्सची छाती धडधडते, पण तो उठून पळत नाही. म्हणून वॉल्टन म्हणतात की ही खरी भीती नाही, भीतीसारखं काहीतरी आहे, भातुकली खेळताना मुलं जशी खोटा चहा पितात तसा हा मोठ्यांचा खेळ आहे.

खेळाची कल्पना मला आवडते, निष्कर्ष आवडत नाही. भीतीला पळण्याची कसोटी लागू होईल कदाचित, पण दुःखाला ती लागतच नाही. गेलेल्या आजीची आठवण येऊन रडू आलं तर आपण उठून काय करतो? काहीच नाही, करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. म्हणून ते दुःख खोटं ठरतं का? माझं उत्तर, भावना खरीच, फक्त तिच्यामागे कृती नाही.

३. आपल्याकडे यावर कुणी विचार केलाय का? प्रत्येक वेळी तिकडचीच नावं का येतात?

केलाय, आणि फार आधी केलाय. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या रससूत्रावर टीकाकारांनी जो वाद घातला तो थेट याच पेचाचा आहे. रंगमंचावर राम नाही, नट आहे, हे प्रेक्षकाला माहीत आहे, मग रस येतो कुठून आणि कुणाला? शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. चित्रातला घोडा बघून आपण 'घोडा' म्हणतो, ते ज्ञान ना खरं, ना खोटं, ना संशय, ना नुसतं सारखेपण, ते या सगळ्यांहून वेगळंच आहे. भट्टनायकाने साधारणीकरण मांडलं आणि काश्मीरच्या अभिनवगुप्ताने, म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, ते पुढे नेलं. रंगमंचावरची सीता तेव्हा रामाची बायको उरत नाही, आणि तिचं दुःख 'माझं' नाही, 'त्याचं' नाही, 'शत्रूचं' नाही. ते कुणा एकाचं नसल्यामुळेच सगळ्यांना अनुभवता येतं.

आणि पुण्यातलाच माणूस हवा असेल तर न. चिं. केळकर. केसरीचे संपादक म्हणून लोकांना ते माहीत असतात, पण १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असताना त्यांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचणारा दुसऱ्याच्या जगाशी एकरूप होतो, समाधी लागते, पण 'मी मी आहे' ही जाणीव सुटत नाही, आणि हे दोन्ही एकाच वेळी चालू असतं म्हणून आनंद होतो. पुढे के. ना. वाटवे यांनी 'रसविमर्श'मध्ये जुनी रसचर्चा आधुनिक मानसशास्त्राशी ताडून बघितली.

मला विचाराल तर प्रश्न १ च्या पेचाला केळकरांचं उत्तर सगळ्यात सरळ आहे. तो पेच तेव्हाच पडतो जेव्हा आपण धरून चालतो की मन एका वेळी एकाच जागी असतं. वाचणाऱ्याचं मन तसं नसतंच, ते 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीतल्या यमूच्या (प्रश्न ७) माजघरातही असतं आणि सदाशिव पेठेतल्या आपल्या खुर्चीतही असतं, आणि यातली एक जागा सुटली की वाचन बिघडतं. खुर्ची सुटली तर तो भ्रम, आणि माजघर सुटलं तर नुसती अक्षरं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी हेच वापरलंय.

४. दुःखी गोष्टी आपण पैसे देऊन का वाचतो? रोजच्या आयुष्यात दुःख कमी आहे का?

याची उत्तरं दोन टोकांची आहेत. अभिनवगुप्ताच्या बाजूचे म्हणतात सगळे रस शेवटी आनंदमयच, करुणसुद्धा. उलट बाराव्या शतकातले रामचंद्र आणि गुणचंद्र, 'नाट्यदर्पण' लिहिणारे, स्पष्ट सांगतात की रस सुखाचेही असतात आणि दुःखाचेही, करुण हा दुःखाचाच आहे, लोक जातात ते कवीच्या आणि नटाच्या कौशल्यासाठी. गंमत म्हणजे डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये शोकांतिकेवर लिहिलं तेव्हा तोही कौशल्याकडेच आला, सांगण्याच्या सौंदर्याने दुःखाचा जोर आनंदाकडे वळतो असं त्याचं म्हणणं.

मी रामचंद्र-गुणचंद्रांच्या बाजूची आहे. दुःखी कादंबरी वाचून झाल्यावर दोन दिवस जीव जड राहतो, त्याला आनंद म्हणायला मन धजत नाही. पण तरी ती वाचायची असते, कारण रोजच्या दुःखात आपल्याला थांबून बघायला वेळच नसतो, फोन उचलायचे असतात, डबे करायचे असतात, हॉस्पिटलचं बिल भरायचं असतं. कादंबरीत दुःखाशेजारी नुसतं बसता येतं. मला तरी आनंदापेक्षा हे मोठं वाटतं.

५. शेवट आधीच माहीत असला तरी धाकधूक का होते? आणि मग स्पॉयलर दिला तर इतका राग का?

'मृत्युंजय' वाचणाऱ्या प्रत्येकाला कर्ण मरणार हे घरातूनच माहीत असतं, तरी चाक रुतायला लागलं की हात थंड पडतात. कीर्तनाला बसलेल्या आजीला तर प्रत्येक आख्यान पाठ असायचं. धाकधूक म्हणजे नुसती माहितीची उणीव असती तर हे झालंच नसतं. खुर्चीतल्या मनाला शेवट माहीत असतो, माजघरातल्या मनाला नसतो (प्रश्न ३).

स्पॉयलरबद्दल, २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या लेव्हिट आणि ख्रिस्टेनफेल्ड यांनी लोकांना कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून, आणि शेवट कळलेल्या लोकांना कथा उलट थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत वेगळे निकालही आलेत, त्यामुळे यावरून कुणाला शेवट सांगत सुटू नका. पहिल्या वाचनात आपला आपण शेवटाला पोचण्याचा हक्क असतो, तो दुसऱ्याने काढून घेतला की राग येणारच, मग कथा पुढे आवडो न आवडो.

६. माझ्या कथेतला प्रसंग खरंच घडलेला आहे, तरी सगळे म्हणतात पटत नाही. असं कसं?

हा लिहिणाऱ्यांचा सगळ्यात नेहमीचा प्रश्न, आणि याचं उत्तर ऐकून लोक नाराज होतात. 'खरंच घडलंय' हा कथेच्या बाजूचा पुरावाच नाही. अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात म्हटलंय की न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट बरी. खऱ्या आयुष्यात योगायोगाला कुणी जबाबदार नसतं, तुमचा शाळेतला मित्र बारा वर्षांनी स्वारगेटला नेमका त्याच बसमध्ये भेटला तर भेटला. कथेत मात्र त्याला त्या बसमध्ये तुम्ही बसवलेलं असतं आणि वाचणाऱ्याला ते दिसतं. त्यातल्या त्यात एक गोष्ट चालते, योगायोगाने माणूस अडचणीत आला तर वाचणारा सहज मानतो, योगायोगाने सुटला तर मानत नाही. घडलेला प्रसंग वापरायचाय ना, मग तो का घडला त्याची कारणं तुम्हाला नव्याने घालावी लागतील, आयुष्याने ती दिलेली नसतात.

७. जे आयुष्य आपण जगलो नाही ते 'मी' म्हणून लिहायचं का? पुरुषाने बाईचं लिहिलं तर ते खोटं नाही का?

पुण्यात बसून हा प्रश्न विचारायचा आणि हरि नारायण आपट्यांचं नाव घ्यायचं नाही असं होऊच शकत नाही. त्यांचं 'करमणूक' साप्ताहिक १८९० मध्ये सुरू झालं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः आली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडून लहानपण, लग्न, वैधव्य सांगते, आणि लिहिणारा एक पुरुष. रमाबाई रानड्यांच्या खऱ्या आठवणी छापून आल्या १९१० मध्ये, लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रं त्याच्याही बऱ्याच नंतर. म्हणजे मराठीत बाईच्या घरातलं इतकं आतलं सांगणं आधी एका बनावट आत्मचरित्रातून आलं. मला हे वाचताना दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत: यमूचा आवाज आजही काळीज कापतो, आणि तो आवाज ज्यांचा होता त्यातल्या बहुतेकींच्या हातात लेखणीच नव्हती. (सगळ्या गप्प होत्या असंही नाही, काशीबाई कानिटकर त्याच काळात लिहीत होत्या.)

तर लिहा, जरूर लिहा. पण ज्यांचं आयुष्य आहे त्यांनी स्वतः लिहिलेलं आधी वाचा, आणि लिहून झाल्यावर त्यांच्यातल्या कुणाला तरी वाचायला द्या. आपट्यांच्या काळात हे अवघड होतं, आता नाहीये.

८. उलटी अडचण: मी 'मी' लिहिलं की घरचे समजतात माझंच आहे. काय करू?

याचं पुण्यातलं मोठं उदाहरण 'कोसला'. १९६३ मध्ये आली, पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला येतो, आणि तेव्हापासून वाचणारे लेखक आणि पांडुरंग एकच धरून बोलतात. हा त्रास थांबवता येत नाही कारण तो तुमच्या यशाचाच भाग आहे, 'मी' इतका जिवंत झाला की वाचणाऱ्याला तो कुणाचा तरी असायलाच हवा असं वाटतं. सासूबाईंना समजावत बसू नका. फक्त एक पाळा, घरातल्या कुणाची ओळखू येणारी खूण, आजार, नोकरी, लग्नाची गोष्ट, जशीच्या तशी उचलू नका. त्यांना 'ते काल्पनिक आहे' म्हणायची सोय नसते, तुम्हाला असते.

९. लेखक म्हणतात 'पात्रं माझं ऐकतच नाहीत'. हे नुसतं बोलायचं असतं का?

नाही, बऱ्याच जणांना खरंच तसं वाटतं. अमेरिकेत मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांनी ५० कथालेखकांना विचारलं होतं, त्यातल्या ९२ टक्के लोकांनी पात्रं आपणहून वागल्याचा काही ना काही अनुभव सांगितला. माझी समजूत अशी की पात्राचं पुरेसं लिहून झालं की त्याच्या स्वभावाची एक सवय आपल्या मनात तयार होते आणि मग ती सवय आपल्या ठरवलेल्या प्लॉटशी भांडते. अशा वेळी बहुतेकदा पात्राचं ऐकावं. कधीकधी वाचकच ऐकवतात, कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये मारलं आणि १९०३ मध्ये त्याला परत जिवंत करावं लागलं.

१०. पुस्तकात जे लिहिलेलंच नाही ते खरं धरायचं का खोटं?

रोमान इनगार्डनने १९३१ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक पात्रात अशा रिकाम्या जागा असतातच. नायकाचा रक्तगट कोणता? लेखकाने सांगितला नसेल तर त्याला उत्तरच नाही, आणि तरी रक्तगट नसलेला माणूस असं आपण वाचत नाही. डेव्हिड लुइसचं १९७८ मधलं म्हणणं साधारण असं की मजकुराने मोडलं नाही तोवर बाकीचं जग आपल्या जगासारखं धरावं.

पुण्याचं उदाहरण घेऊ. कथा नारायण पेठेत घडते, नदीच्या बाजूचा वाडा, आणि पहिल्या ओळीत फक्त 'जुलै १९६१' लिहिलंय. पुढे पानंच्या पानं नव्या नवरीचं घर लावणं, डबे घासणं, बाकी काही नाही. पुण्याच्या वाचकाला कुणी न सांगता कळतं की १२ जुलैला पानशेत फुटणार आहे, आणि त्याला तो प्रत्येक डबा बुडालेला दिसायला लागतो. पुराचा एक शब्द कथेत नाही, तरी कथेत पूर आहे. बाहेरच्या वाचकासाठी मात्र तीच कथा संसाराची आहे. मग खरी कथा कुठली? मी म्हणेन दोन्ही, पण लिहिणाऱ्याने तारीख मुद्दाम टाकली असेल तर पहिलीचा हक्क जास्त.

चुकांचं काय? वॉटसनची युद्धातली जखम एका होम्सकथेत खांद्याला आहे आणि दुसरीत पायाला. तिथे मी सरळ लेखकाचा विसर म्हणून सोडून देते, त्यावर डोकं लावायची गरज नाही.

११. लेखक घोडा उडवतो ते मान्य होतं, मग काही वाक्यांना मन अडूनच का बसतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. 'घोडा उडाला' लिहा, उडाला. आता लिहा, 'ती विधवा झाली म्हणून तिचे केस काढले, आणि त्यात तिचं भलंच झालं.' दुसरा अर्धा भाग आपण उडणाऱ्या घोड्याइतक्या सहज मान्य का करत नाही? लेखकच जगाचा मालक ना? ह्यूमला हे १७५७ मध्येच खटकलं होतं आणि तामार गेंडलर यांनी २००० मध्ये यावर सविस्तर लिहिलं. त्यांचं मत असं की इथे आपल्याला कल्पना करता येत नाही असं नसतं, करायचीच नसते, कारण लेखक हे मत गोष्टीबाहेर खऱ्या जगातही न्यायला सांगतोय असा आपल्याला वास येतो.

सविकल्प समाधीत इथे विकल्पाची बाजू एकदम जागी होते, खुर्चीतला माणूस उठून उभा राहतो. लिहिणाऱ्यांसाठी यातून एक कामाची गोष्ट निघते, तेच वाक्य निवेदकाकडून काढून मामंजींच्या तोंडी घाला, लगेच वाचता येतं, चीड येते पण वाचता येतं. अपवाद आहे: निवेदकच विश्वास ठेवण्यासारखा नाही हे आधी कळलेलं असेल तर त्याच्याही तोंडी चालतं, पण ती खूण वाचणाऱ्याला त्या वाक्याआधी मिळालेली हवी, नंतर नाही.

१२. ऐतिहासिक कादंबरीत किती खरं असावं लागतं?

शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हा इतिहास. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, ही आख्यायिका. पण पुण्यातल्या कुठल्याही मुलाला विचारा, त्याला आख्यायिका आधी आठवते. थेऊरला माधवराव १७७२ मध्ये गेले, रमाबाई सती गेल्या, आणि आज तिथे जाऊन गहिवरणाऱ्या कितीतरी लोकांच्या कानात संवाद असतात ते १९६२ मध्ये आलेल्या 'स्वामी' कादंबरीतले. माणसं खरी, मरण खरं, शब्द कादंबरीकाराचे, आणि आपलं रडू नक्की कुणासाठी? इथे प्रश्न १ उलटा होतो, इथे माणूस खरा आहे आणि आपण ज्याच्यावर जीव लावतो तो अर्धा बनवलेला आहे.

याची दुसरी बाजू 'घाशीराम कोतवाल'. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला, नाना फडणवीसांच्या चित्रणावरून मोठा विरोध झाला, नाटक ऐतिहासिक नाही असं लेखक सांगत होते. मला दोन्ही बाजू समजतात. नाव घेतलं की वाचणाऱ्याच्या मनातला आधीचा माणूस त्या नावाबरोबर येतोच, त्याला दाराबाहेर ठेवता येत नाही. म्हणून माझं मत, तारखा आणि मृत्यू बदलू नका, मनातलं आणि घरातलं हवं तेवढं रचा, आणि रचलंय हे प्रस्तावनेत सांगा.

१३. 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' असं छापलं की प्रश्न मिटला ना?

नाही. रास्पुतिनवरच्या १९३२ च्या एका हॉलिवूड सिनेमावरून राजकन्या इरिना युसुपोव्ह यांनी एमजीएमवर लंडनमध्ये खटला भरला, १९३४ मध्ये त्या जिंकल्या, आणि त्यानंतर ही ओळ सगळीकडे रूढ झाली. पण नुसत्या ओळीने ओळखू येणारा माणूस अनोळखी होत नाही. बाकी प्रश्न ८ मध्ये आहे.

१४. मेलेला माणूस 'मी' म्हणून गोष्ट कशी सांगतो? आणि वीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दन् शब्द कसे आठवतात?

'संगीत सौभद्र' १८८२ मध्ये पुण्यात पहिल्यांदा झालं तेव्हापासून सुभद्रा दुःखात गाते आणि तिच्या साथीला तबला कुठून आला हे कुणी विचारत नाही. काही प्रश्न गोष्टीच्या बाहेरचे असतात, तसाच हा. पण तुम्ही डायरी किंवा पत्राचं रूप घेतलंत तर तो लगेच आतला होतो. डायरीत मरतानाचा क्षण लिहिला असेल तर पेन कुणाच्या हातात होतं हे वाचणारा विचारणार, आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

१५. हे मुळातून वाचायचंय. पुण्यात कुठे मिळेल आणि सुरुवात कुठून करू?

पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे आणि टिळक रोडला महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासूनची, जुन्या मराठी पुस्तकांची चौकशी आधी या दोन ठिकाणी करा. सुरुवात तत्त्वज्ञानापासून करू नका. आधी आपट्यांची यमू पूर्ण वाचा, मग केळकर, मग 'रसविमर्श', आणि वॉल्टन वगैरे त्यानंतर. जुन्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत बहुतेक वेळा सगळी गोष्ट सांगून टाकलेली असते, त्यामुळे प्रस्तावना कादंबरी संपल्यावरच उघडा.